वाचून कायम

गुरुवार, म्हणून सभा पार्किंगमध्ये
मोबाइलच्या टॉर्चवर भरली.
बिबवेवाडीत गुरुवारी वीज जाते, तशी गेलेली
आणि विषय क्रमांक चार : गच्चीवर सौर पॅनल.

मी सचिव. हातात वही.
कोण काय बोललं ते लिहायचं,
मला काय वाटलं ते नाही.

गद्रे म्हणाले, वादळात एखादा पत्रा उडून
शेजारच्या शाळेत पडला तर आत कोण जाणार?
अध्यक्ष, की खजिनदार?
(लिहिलं : सुरक्षेबाबत शंका उपस्थित.)
पत्रा नाही हो, पॅनल, असं श्रेयस म्हणाला.
(नाही लिहिलं.)
घाटपांडे काकूंचा प्रश्न कुरडयांचा.
गच्चीवरचं ऊन, म्हणाल्या, आधीपासून वापरात आहे.

तांबोळींनी आकडे आणलेले, चक्क लॅमिनेट करून.
लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे,
साडेसहा वर्षांत पैसे वसूल.
त्र्याऐंशीचे इनामदार हसले :
मला ऊन हप्त्यानं नको.

मग बॅटरी.
डी विंगची स्कूटर पेटली होती ना मार्चमध्ये?
पेटली नव्हती, नुसता धूर आला.
धूर म्हणजे काय मग, उदबत्ती?
आणि तुमच्या ओट्याखालचा सिलिंडर?
त्याची सवय आहे.

माझं पेन थांबलं.
सवय. हा शब्द इतिवृत्तात कुठे बसवायचा?

मी चंद्रपूरची. ऊर्जानगरात वाढले.
दोरीवरचा शाळेचा शर्ट घालण्याआधी
दोनदा झटकायचा, तेव्हा कुठे तो पांढरा व्हायचा.
बाबा कोळशाच्या खात्यात.
रात्री खोकले की आई कूस न बदलता म्हणायची,
पाणी तांब्यात आहे.
लग्न होऊन पुण्याला आले, खिडकीवरून बोट फिरवलं,
बोटाला लागली साधी, तांबूस धूळ.
इतकं हसू आलं मला
की सासूबाई आतून बघायला आल्या.

हे सांगायचं ठरवलं. हात वर केला.
पण तेवढ्यात हरपळे बोलले.

हरपळे कधीच बोलत नाहीत.
फुरसुंगीचं घर सोडून आलेले,
डेपोच्या वासानं.
म्हणाले, पंचवीस वर्षांनी ही काच मरणार.
कुठं पुरणार तिला?
तुम्ही म्हणाल, बघू.
आमच्याकडं पण बघूच म्हणाले होते.
तोवर विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं.

एकेक टॉर्च खाली वळला.
माझी राख माझ्या तोंडातच राहिली.
बाबांचा तांब्या आणि हरपळ्यांची विहीर
शेजारी शेजारी येऊन बसल्या
आणि कुणाला म्हणावं, तू जरा सरक?

ठराव : तीन निविदा मागवाव्यात.
सूचक तांबोळी. अनुमोदक, कुणास ठाऊक कसे, इनामदार.

साडेपाचला दिवे लागले.
आली, असं सगळे एकदम म्हणाले,
माहेरवाशीण आल्यासारखं.
पंप घरघरला. खुर्च्या आवरल्या गेल्या.
कुठून आली, ते कुणी विचारलं नाही.
आलेल्या बाईला कुणी विचारत नाही
वाटेत काय झालं.

रात्री इतिवृत्त स्वच्छ लिहायला बसले
आणि एक ओळ जास्त लिहिली :
वीज कुणाच्या तरी दोरीवरच्या कपड्यांवरून येते
आणि तिचा कचरा कुणाच्या तरी दारात जातो,
याची सभेने नोंद घेतली.

सभेने घेतली नव्हती.

पुढच्या सभेत गद्र्यांनीच वाचून दाखवलं, भरभर.
त्या ओळीशी अडखळले, चष्मा वर सरकवला,
माझ्याकडे न बघता पुढे गेले.
कुणाची हरकत?
पंख्याखाली कागद तेवढे फडफडले.
वाचून कायम.

हरपळे मात्र
पायातली चप्पल काढून पुन्हा घालत
तिथंच बघत बसलेले, माझ्या वहीकडे.

विषय क्रमांक चार
पुन्हा चारच होता.